गावाच्या फुटबॉल क्लबचा इतिहास (व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया): स्थापना-साल, जुने स्कोअर, विलीन झालेले क्लब

ओव्हलकाठ

व्हिक्टोरियातल्या जुन्या सोन्याच्या खाणींच्या पट्ट्यातल्या एका ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल क्लबच्या इतिहासाची पुस्तिका करायची आहे. हाताशी आहे ते असं: क्लबहाउसमधला सोनेरी अक्षरांचा सन्मानफलक, दुसऱ्या महायुद्धानंतरची काही इतिवृत्तं आणि कात्रणांच्या वह्या. त्याआधीचं जवळजवळ काहीच नाही.

जर्सीवर एक स्थापना-साल आहे आणि जुन्या बातम्यांत दुसरंच निघतं. कोणतं धरायचं? एकोणिसाव्या शतकातले काही निकालही जुळत नाहीत. आकडे पाहिले तर हरलेला वाटणारा संघ बातमीत विजयी म्हणून छापलेला आहे. शिवाय मधल्या काळात शेजारच्या गावाचा क्लब आमच्यात विलीन झाला. त्यांच्या प्रीमियरशिप (लीगची विजेतेपदं) आमच्या यादीत मोजायच्या का? ज्यांनी असं काम केलं आहे त्यांनी पद्धत सांगावी.

---

जुनी_पानं

आधी स्थापना-साल घ्या. बाकीच्या याद्या त्यावरच उभ्या राहतात.

तीन तारखा वेगवेगळ्या लिहा. गावात फुटबॉल खेळल्याची पहिली बातमी ही एक. सभा भरली, पदाधिकारी निवडले, वर्गणी ठरली ही दुसरी. आणि तिथून न तुटता आजच्या क्लबपर्यंत येणाऱ्या साखळीतला पहिला हंगाम ही तिसरी. जर्सीवर यातली कुठलीही असू शकते. क्लबच्या नावामागे ‘इन्कॉर्पोरेटेड’ असेल तर कायदेशीर नोंदणीची चौथी तारीखही असते, पण व्हिक्टोरियात संस्था-नोंदणीचा तो कायदा १९८१ मध्ये आला. त्या तारखेचा स्थापनेशी संबंध जोडू नका.

तुमच्या पट्ट्यात फार जुनं साल निघालं तर लगेच खोटं ठरवू नका. या खेळाचे पहिले नियम, म्हणजे मेलबर्न क्लबचे, १७ मे १८५९ रोजी लिहिले गेले. जिलाँग आणि कॅसलमेन हे दोन्ही क्लब आपलं साल १८५९ च सांगतात. सोन्यामुळे या गावांत तरुण पुरुषांची गर्दी होती आणि छापखानेही लवकर आले होते, त्यामुळे खेळही लवकर सुरू झाला आणि त्याच्या बातम्याही टिकल्या. मात्र त्या काळातला ‘क्लब’ आजच्यासारखा नव्हता. वर्षभरात दुसऱ्या गावाशी दोन-तीनच सामने व्हायचे. उरलेल्या शनिवारी सदस्यच दोन कप्तानांत वाटले जायचे, किंवा विवाहित विरुद्ध अविवाहित असा सामना व्हायचा. म्हणून निकालांची यादी रिकामी दिसली तरी क्लब बंद होता असं समजू नका.

शोध ट्रोव्हवर करा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा हा संग्रह फुकट आहे. नुसतं गावाचं नाव आणि ‘फुटबॉल’ टाकलंत तर हजारो बातम्या येतील. त्याऐवजी असं करा:

राज्य, वृत्तपत्र आणि साल हे तिन्ही आधी आवळा. मग प्रत्येक वर्षाचे फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने वेगळे पाहा, कारण वार्षिक सभा हंगामाच्या तोंडावर व्हायच्या. सभेच्या एका बातमीत अध्यक्ष, सचिव, कप्तान, जर्सीचा रंग, मैदान आणि शिल्लक रक्कम असं सगळं एकत्र सापडतं, जे वीस सामन्यांच्या बातम्यांत मिळत नाही. सामन्याची बातमी दैनिकात सोमवारी येते, साप्ताहिकात गुरुवारी किंवा शुक्रवारी. शेजारच्या गावाचं वृत्तपत्रही बघा. पराभवाची बातमी घरच्या पेपरात दोन ओळींची असते, जिंकणाऱ्या गावाच्या पेपरात अर्धा स्तंभ.

गावांची जुनी नावं तपासा. बेंडिगो शहराचं अधिकृत नाव १८९१ पर्यंत सँडहर्स्ट होतं. नुसतं ‘बेंडिगो’ शोधलं तर पहिल्या तीस वर्षांतलं बरंच काही निसटेल.

यंत्राने वाचलेल्या मजकुरावर भिस्त ठेवू नका. स्कोअरमध्ये टिंबाआधी गोल आणि टिंबानंतर बिहाइंड (गोलाच्या बाजूच्या खांबांमधून गेलेला चेंडू) असतात. हा टिंब हमखास गळतो आणि ३.८ चं ३८ होतं. आकडा नेहमी पानाच्या प्रतिमेवरून उतरवा आणि जमल्यास तिथला मजकूर दुरुस्तही करा, पुढच्याचं काम सोपं होतं. प्रत्येक बातमीला कायमचा क्रमांक असतो, तो तक्त्यात लिहा. ‘जुन्या पेपरात वाचलं’ ही नोंद वर्षभराने तुम्हालाच उपयोगी पडणार नाही.

तक्ता एकच ठेवा आणि वर्षाला एक ओळ द्या: सभेची तारीख, पदाधिकारी, कप्तान, लीग, मैदान, रंग, बातमीचा क्रमांक. सलग दोन हंगाम रिकामे आले की थांबून शोधा. पुन्हा सभा भरली तेव्हा बातमीत ‘नवा क्लब’ म्हटलंय की ‘पुन्हा उभा केला’? तीच माणसं आहेत का? माझ्या मते दोन हंगामांची पोकळी भरून काढता आली नाही तर साखळी तुटली असं धरावं आणि साल पुढचं घ्यावं.

ट्रोव्हवर बहुतेक वृत्तपत्रं १९५४ पर्यंतच आहेत. पुढच्या वर्षांसाठी मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीतल्या मायक्रोफिल्म पाहाव्या लागतील.

---

धावफलक

हरलेला संघ जिंकलेला दिसतो त्याचं कारण सरळ आहे. १८९७ पूर्वी निकाल फक्त गोलांवर लागायचा. बिहाइंड छापायचे, पण मोजायचे नाहीत.

उदाहरण घ्या. १८९० च्या सुमाराचा निकाल ३.४ विरुद्ध २.१५ आहे. आजच्या हिशेबाने (गोलाचे ६, बिहाइंडचा १) पहिल्याचे २२ आणि दुसऱ्याचे २७, म्हणजे दुसरा संघ पाच गुणांनी पुढे. पण त्या काळी तीन गोल दोनपेक्षा जास्त, म्हणून पहिला संघ जिंकला. तसंच ३.८ विरुद्ध ३.२ हा सामना तेव्हा बरोबरीत सुटायचा. पुस्तिकेत हे आकडे गुणांत बदलू नका. मूळ निकाल तसाच छापा आणि त्या भागाच्या सुरुवातीला दोन ओळींत नियम सांगा. काही क्लबांच्या पुस्तकांत कुणीतरी नंतर कंसात गुण भरून ठेवलेत आणि मग त्यावरून ‘सर्वात मोठा विजय’ काढलाय. तो विक्रम कधी झालाच नाही.

१८९७ हे साल मेलबर्नच्या मोठ्या क्लबांच्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचं (व्हीएफएल, आजची एएफएल), तिच्या पहिल्या हंगामाचं. तुमच्या स्थानिक असोसिएशनने गुणपद्धत कधी घेतली ते स्वतंत्रपणे तपासा. १८९६ ते १९०० च्या बातम्या क्रमाने लावा आणि स्कोअरपुढे एकूण गुण कधीपासून छापले जातात ते पाहा. त्या वर्षाखाली रेघ मारा.

नंतरच्या काळात बेरीज हीच तपासणी. एएफएलची २००७ ची ग्रँड फायनल (विजेतेपदाचा शेवटचा सामना) जिलाँगने २४.१९ विरुद्ध ६.८ अशी जिंकली. २४ गुणिले ६ म्हणजे १४४, त्यात १९ मिळवले की १६३. दुसरीकडे ३६ अधिक ८ म्हणजे ४४. फरक ११९. तुमच्या तक्त्यात गोल, बिहाइंड आणि एकूण असे तीन वेगळे रकाने करा आणि एकूण रकान्यात सूत्र घाला. छापील एकूण आणि सूत्राचं उत्तर जुळलं नाही, तर बहुतेक वेळा बिहाइंडचा आकडा चुकीचा वाचलेला असतो. ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत सर्वात जास्त होते. मग खेळाडूवार गोलांची बेरीज करा. तिच्यावरून निदान गोलांचा आकडा पक्का होतो.

संघातल्या खेळाडूंची संख्याही बदलत गेली. व्हीएफएलने १८९९ मध्ये वीसचे अठरा केले, १९३० मध्ये एकोणिसावा राखीव आला आणि १९४६ मध्ये विसावा. पाहिजे तेव्हा आत-बाहेर करण्याची मुभा १९७८ पासूनची. गावच्या लीगांनी हे बदल आपापल्या सवडीने घेतले. म्हणून १९२० च्या यादीत वीस नावं दिसली तर ‘सामना खेळलेले’ म्हणून सगळे मोजू नका. तो बहुधा निवड झालेल्यांचा गट असतो आणि त्यातून मैदानावर अठराच उतरतात. सामनेसंख्या मोजायची तर गुरुवारची निवडयादी नको, सोमवारची बातमी हवी.

आणखी एक खड्डा अंतिम फेरीचा आहे. १९०२ ते १९३० या काळात, एक १९२४ सोडलं तर, व्हीएफएलमध्ये गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या संघाला आव्हानाचा हक्क होता. तो संघ फायनल हरला तरी पुन्हा एक सामना मागू शकायचा, आणि तो सामना म्हणजे ग्रँड फायनल. पहिल्या आलेल्यानेच फायनल जिंकली तर ग्रँड फायनल होतच नसे. अनेक गावच्या लीगांनीही हेच घेतलं होतं. त्यामुळे ‘फायनल जिंकली’ असं वाचून प्रीमियरशिप लिहू नका, पुढचे दोन आठवडे पाहा. उलट ग्रँड फायनलची बातमी नाही म्हणून ते वर्ष रिकामंही सोडू नका. १९३१ पासून व्हीएफएलने चार संघांची पेज पद्धत घेतली. पहिला विरुद्ध दुसरा, तिसरा विरुद्ध चौथा, आणि वरच्या जोडीत हरलेल्याला दुसरी संधी. त्यानंतर मात्र दर वर्षी ग्रँड फायनल असतेच.

---

सीमारेषा

जुनी_पानं यांची तक्त्याची पद्धत उत्तम आहे, पण दोन हंगामांच्या कसोटीशी मी सहमत नाही. त्या कसोटीने जिलाँगचाच इतिहास १९४४ पासून सुरू करावा लागेल. युद्धामुळे प्रवासावर निर्बंध होते म्हणून हा क्लब १९४२ आणि १९४३ असे दोन्ही हंगाम व्हीएफएलमध्ये खेळला नाही. त्याचं कॉरिओ ओव्हल सैन्याने घेतलं आणि १९४१ पासून क्लब कार्डिनिया पार्कला गेला. मैदान बदललं, दोन वर्षं सामने नाहीत, तरी क्लब तोच राहिला, कारण सभासद, नाव, रंग आणि लीगमधली जागा टिकून होती.

कसोटी वर्षांची नको, वारशाची हवी. पुन्हा भरलेल्या सभेत जुनी शिल्लक किंवा जुनं कर्ज नव्या समितीने स्वीकारलं का? चेंडू, गोलपोस्ट, जर्सी कुणाकडे गेल्या? लीगने नवा प्रवेश-अर्ज मागितला की जुनी जागा दिली? यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी साखळी अखंड धरायला हरकत नाही. दोन्ही महायुद्धांत गावोगावच्या लीग थांबल्या होत्या. पोकळी लीगभर असेल तर ती क्लबची पोकळी नाही. आधी लीगचं कॅलेंडर लावा.

युद्धकाळातले हंगाम खेळले गेले असतील तर संघसंख्या हमखास लिहा. १९१६ मध्ये व्हीएफएलला चारच संघ उरले होते. फिट्झरॉय गुणतक्त्यात तळाला होता आणि चारही संघ अंतिम फेरीत गेल्याने त्याच वर्षी प्रीमियरही झाला. संघसंख्या न देता हे छापलं तर वाचणारा चूक समजेल.

आता विलीनीकरण. इथे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींना वेगळा न्याय लागतो. नाव बदललं तर क्लब तोच. फुटस्क्रे १९९७ पासून वेस्टर्न बुलडॉग्ज झाला, पण त्याची १९५४ ची प्रीमियरशिप त्याचीच. गाव बदललं तरी क्लब तोच. साउथ मेलबर्न १९८२ मध्ये सिडनीला गेला आणि १९०९, १९१८, १९३३ या त्याच्या प्रीमियरशिप सिडनीच्या खात्यात आहेत. दोन क्लब मिळून तिसरा झाला तर मात्र वही नवी. फिट्झरॉय आणि ब्रिस्बेन बेअर्स १९९६ च्या हंगामानंतर एकत्र आले, तरी फिट्झरॉयच्या आठ प्रीमियरशिप नोंदींत फिट्झरॉयच्याच नावावर राहतात.

पश्चिम व्हिक्टोरियातल्या विमेरा भागात मिनिप आणि मर्टोआचा मिळून मिनिप-मर्टोआ झाला तसे जोडनावाचे क्लब तुम्हाला शेतीच्या पट्ट्यात सगळीकडे दिसतील. शेतं मोठी होत गेली, यंत्रं आली, कामाला माणसं कमी लागू लागली, शाळा बंद पडल्या. सीनियर, रिझर्व्ह आणि मुलांचे संघ मिळून दर शनिवारी पन्नास-साठ खेळाडू एका गावात निघेनात. बहुतेक वेळा आधी अंडर-सेव्हन्टीन संघ गळतो, मग रिझर्व्ह, आणि तीन-चार वर्षांनी विलीनीकरणाची सभा भरते. तुमच्या शेजारच्या क्लबची इतिवृत्तं मिळाली तर ज्युनियर संघ कधी बंद झाला ते आधी शोधा. खरी कहाणी तिथे सुरू होते.

पुस्तिकेत तीन याद्या द्या: तुमचा क्लब विलीनीकरणापर्यंत, त्यांचा क्लब विलीनीकरणापर्यंत आणि नंतरचा एकत्र क्लब. एकूण आकडा देऊच नका. दोन्ही क्लब एकाच लीगमध्ये असतील तर त्यांनी एकमेकांविरुद्ध ग्रँड फायनल खेळलेल्या असू शकतात, आणि एकत्र मोजलं तर तो एकच सामना विजय आणि पराभव दोन्हीकडे येतो. त्यांचा मूळ सन्मानफलक कुठे आहे ते मात्र आजच विचारा. विलीनीकरणात नाव आणि रंगांवर दहा सभा होतात आणि फलक कुठल्या तरी शेडमध्ये जातो.

नेटबॉल विसरू नका. गावचा क्लब आज फुटबॉल-नेटबॉल क्लब असतो. १९७० पर्यंतच्या बातम्यांत हा खेळ महिलांचं बास्केटबॉल म्हणून येतो, तेव्हा शोधताना तोच शब्द टाका. नाहीतर क्लबच्या अर्ध्या माणसांचा इतिहास राहून जाईल.

---

जुनी_पानं

लीगभर थांबलेल्या हंगामांबद्दल सीमारेषा यांचं म्हणणं मान्य, ती वर्षं माझ्या कसोटीतून वगळायलाच हवीत. पण १८६० आणि १८७० च्या दशकांत लीगच नव्हती आणि शिलकीची नोंदही क्वचित सापडते. तिथे पुरावा नसेल तर पुस्तिकेत दोन साल द्यावेत, ‘पहिली सभा’ आणि ‘अखंड परंपरा’. मुखपृष्ठावर कोणतं घालायचं ते समितीने ठरवावं, पण आतल्या पानात दोन्ही हवेत.

मैदानासाठी व्हिक्टोरिया गव्हर्नमेंट गॅझेट पाहा. बहुतेक गावांची मैदानं सरकारी राखीव जमिनीवर आहेत. राखीव केल्याची तारीख, क्षेत्रफळ आणि विश्वस्तांच्या नेमणुका तिथे मिळतात. ‘पहिल्यापासून याच मैदानावर’ हे वाक्य छापण्याआधी ती तारीख बघाच.

---

ओव्हलकाठ

फार उपयोगी. तीन याद्यांची कल्पना समितीपुढे ठेवतो. दोन गोष्टी राहिल्या. १९५० च्या दशकात मेलबर्नचे नावाजलेले खेळाडू गावच्या क्लबांना कॅप्टन-कोच म्हणून कसे काय यायचे, आणि जमाखर्चातली ती रक्कम आज कशी मांडायची? दुसरं, खेळाडूंच्या यादीत नुसती आडनावं आहेत, त्यांचं काय करावं?

---

सीमारेषा

कारण पैसा. व्हीएफएलने १९३० मध्ये कोल्टर नियम आणून खेळाडूचं मानधन सामन्याला तीन पौंडांवर बांधलं. पुढे मर्यादा वाढली तरी ती कमीच राहिली. गावच्या लीगवर हा नियम नव्हता. लोकर आणि गव्हाला चांगला भाव होता, त्यामुळे गाव मोठी रक्कम देऊ शकायचं, वर नोकरी किंवा दुकान आणि राहायला घरही. बॉब रोज हे याचं ठळक उदाहरण. कॉलिंगवुडचा कोपलँड चषक (क्लबच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा) चार वेळा जिंकलेला, १९५३ च्या प्रीमियर संघातला हा खेळाडू ऐन उमेदीत १९५६ मध्ये वँगरॅटा गावच्या रोव्हर्स क्लबकडे आला. १९५८ आणि १९६० मध्ये रोव्हर्सने ओव्हन्स अँड मरे लीग जिंकली. १९६४ मध्ये तो कॉलिंगवुडचा कोच म्हणून परतला. गावच्या फुटबॉलचा दर्जा तेव्हा किती वर होता हे यावरून कळतं, आणि पुस्तिकेत या दशकाला जास्त पानं द्यावीत असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या इतिवृत्तांत ‘क्लीअरन्स’ हा शब्द शोधा. जुन्या क्लबने सोडल्याशिवाय खेळाडूला खेळता येत नसे. नकार मिळून काही जण एखादा हंगाम बाहेर बसायचे. एखाद्या चांगल्या खेळाडूच्या कारकिर्दीत एक वर्ष गायब असेल तर आधी क्लीअरन्सचा वाद तपासा, दुखापत नंतर.

जमाखर्च मूळ चलनातच छापा. वीस शिलिंगांचा पौंड, बारा पेन्सचा शिलिंग, आणि गिनी दिसली तर एकवीस शिलिंग. १४ फेब्रुवारी १९६६ ला डॉलर आला तेव्हा एका पौंडाचे दोन डॉलर झाले. पण १९५६ चे पौंड दुप्पट करून ‘आजचे इतके’ लिहू नका, त्यात महागाई येत नाही. त्यापेक्षा त्याच वर्षीच्या जमाखर्चातली प्रवेशशुल्काची एकूण जमा शेजारी ठेवा. कोचवर जमेचा किती हिस्सा गेला हे वाचणाऱ्याला चटकन कळतं.

---

धावफलक

आडनावांबद्दल. प्रत्येक आडनावाला लगेच माणूस चिकटवू नका. आधी आडनाव, हंगाम, जागा आणि गोल एवढीच ओळ करा. मग भाऊ-भाऊ वेगळे करायला सभेच्या बातम्या आणि बक्षीस समारंभाची बातमी वापरा, तिथे आद्याक्षरं हमखास येतात. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांसाठी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बी२४५५ ही सेवानोंदींची मालिका डिजिटल स्वरूपात आहे. त्यात जन्मगाव, व्यवसाय, जवळचा नातेवाईक आणि भरती झाल्याचं ठिकाण मिळतं. आडनाव, गाव आणि वय हे तिन्ही जुळलं तरच नाव पक्कं करा, दोनच जुळले तर ‘बहुधा’ असं लिहा. गावात एकाच आडनावाची चार कुटुंबं असणं अगदी नेहमीचं आहे, आणि चुकीच्या माणसाचं नाव युद्धात पडलेल्यांच्या यादीत गेलं तर त्याच्या घरच्यांना त्याचा त्रास होतो.

सन्मानफलकही पुरावा म्हणून शेवटी वापरा. हे फलक पुन्हा रंगवले जातात, कधी एका झटक्यात तीस वर्षांची नावं भरली जातात, आणि मग आद्याक्षरं व सालं एक ओळ खाली सरकतात. सलग तीन-चार वर्षं फलक आणि वृत्तपत्र यांत बरोबर एका वर्षाचा फरक येत असेल तर तीच गडबड आहे.

लीगचं पदक बरोबरीत सुटलं असेल तर विजेता तेव्हा कसा ठरवला आणि नंतर निर्णय बदलला का, हेही बघा. ब्राउनलो पदकात (व्हीएफएलच्या सर्वोत्तम खेळाडूच्या) मतमोजणीच्या जुन्या नियमाने मागे पडलेल्यांना १९८९ मध्ये पूर्वलक्षी पदकं दिली गेली. तुमच्या लीगनेही तसं केलं असेल तर फलकावर एक नाव आणि लीगच्या यादीत दोन नावं दिसतील. तेव्हा दोन्ही नावं छापा आणि दुसऱ्यापुढे पदक दिल्याचं साल लिहा.